मासळी नसताना वाजलेला शंख

समजा, तुमच्या हातात एक शंख दिलाय. दोन्ही हातांत धरावा लागतो इतका मोठा, आतून गुलाबी. टोक करवतीने कापून, कानशीने घासून बोटभर रुंद भोक केलेलं आहे. आता फुंका. गाल फुगवलेत तर नुसती हवा जाईल आणि बघणारे हसतील. ओठ घट्ट मिटायचे, भोकावर दाबायचे आणि हवा अशी सोडायची की ओठ थरथरले पाहिजेत. आवाज ओठांचाच असतो, शंख तो फक्त मोठा करतो. जमलं तर डोंगरावरच्या केळीच्या मळ्यापर्यंत ऐकू जातं. आमच्या पेती आन्समध्ये, या कोळ्यांच्या गावात, हे सगळ्यांत चांगलं जमतं मा व्हिटालियाला. वय एकाहत्तर, पुढचे दोन दात नाहीत, तरी जमतं.

इथला शंख पूजेचा नाही, कामाचा. बोट मासळी घेऊन आली की तीन तोकडे आवाज आणि एक लांब. तो ऐकला की बाया चुलीवरचं तसंच टाकून परात घेऊन किनाऱ्याकडे पळतात. बोट बुडाली तर नुसते लांब, एकामागून एक. या दोन्हींशी कोणी खेळत नाही.

व्हिटालिया एकदाच खेळली होती.

गेल्या महिन्यात मजूर आघाडीचा सेक्रेटरी कर्टिस तिच्याकडे आला. पक्षाला पन्नास वर्षं होत होती आणि तो पक्षाचा इतिहास लिहीत होता. पक्ष म्हणजे आता राजधानीत, रोझोमध्ये, मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. पण निवडणुकीची निशाणी अजून गावातल्या निम्म्या भिंतींवर आहे: रिकामी परात.

"मा, ऐका हं," कर्टिस कागद काढून वाचू लागला. "'चौऱ्याहत्तर सालच्या ऑगस्टमध्ये कॉम्रेड आयँथी यांच्या कल्पनेतून शंख फुंकण्यात आला व शेकडो महिला पराती घेऊन पहिल्या सभेला जमल्या.'"

"कोणी फुंकला?"

"फुंकण्यात आला, असं लिहिलंय."

"म्हणजे वारा आला आणि वाजला? आणि शेकडो कुठल्या रे? ऐंशीसुद्धा नव्हत्या."

कर्टिस हसला. "मग सांगा ना कोणी फुंकला. नाव घालतो. शेजारी फोटोही टाकतो."

व्हिटालियाच्या हातात सोलायला घेतलेला अळूचा कंद होता. तिने तो बराच वेळ सोलला. सोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा म्हणाली, "आठवत नाही."

तिला सगळं आठवत होतं. पिवळा झगासुद्धा.

आयँथी तिची धाकटी बहीण, दोन वर्षांनी लहान. त्या साली गावात हेस्केथ नावाचा मास्तर आला होता. मजुरांचा पक्ष काढायचा म्हणत घरोघरी फिरायचा. मासळी घ्यायला व्हिटालियाकडे यायचा आणि ती त्याच्यासाठी मधला जाड तुकडा झाकून ठेवायची. तीन महिने ठेवला. मग सभा ठरली आणि हेस्केथने बोलायला निवडलं आयँथीला, कारण आयँथीला मोठ्याने वाचता येत होतं. व्हिटालियाला अक्षरं जेमतेम लागायची. आई गेल्यावर शाळा तिने सोडली होती, आयँथीने नाही.

सभेच्या दिवशी चार वाजता आयँथी बदामाच्या झाडाखाली उभी राहिली. अंगात व्हिटालियाचा पिवळा झगा, न विचारता घातलेला. शेजारी हेस्केथ. समोर सहा माणसं आणि दोन कुत्री.

व्हिटालिया पालथ्या घातलेल्या होडीमागे बसून बघत होती. सहाच माणसं बघून तिला बरं वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. हेस्केथ आयँथीच्या कानात काहीतरी म्हणाला आणि आयँथी हसली. होडीखाली बापाचा शंख होता. व्हिटालियाने तो उचलला. तीन तोकडे, एक लांब.

गाव धावत आलं. पराती, टोपल्या, एकीच्या हातात तर नुसतं झाकण. समुद्रावर एक बोट नाही.

"कुठंय मासळी?"

"कोणी वाजवला गं? माझी भाकरी जळाली तिकडे!"

"मास्तर, तुमचं काम का हे? शंखाची थट्टा करता?"

व्हिटालिया होडीमागून बघत होती. पिवळ्या झग्यातली आयँथी हातातल्या कागदावरची ओळ शोधत होती. इतका गोड क्षण तिला आयुष्यात परत मिळाला नाही. पण तो फार टिकला नाही.

"मासळी नाहीये," आयँथी म्हणाली. आवाज फाटला, पण थांबली नाही. "पण असते तेव्हा तरी किती जाते घरी? धक्का मळेवाल्याचा, म्हणून तिसरा हिस्सा त्याचा. उरलेल्यातला बरा मासा मुकादमाचा. रोज रिकामीच परात घेऊन जाता की नाही? आज फक्त लवकर कळलं."

कोणीतरी हसलं. मग एक म्हातारी परात पालथी घालून तिच्यावर बसली. "बोल," ती म्हणाली, "भाकरी तर जळालीच आहे." बाकीच्याही बसल्या.

त्या वर्षी नाताळपर्यंत धक्क्याचा हिस्सा बंद झाला. मग केळी भरायच्या शेडमधला संप, मग पक्षाचे तीन आमदार, मग दुसऱ्यांबरोबर सरकार आणि आयँथी दीड वर्ष मंत्री. हेस्केथने लग्न केलं तिच्याशीच. प्रत्येक संपाला शंख व्हिटालियाने फुंकला आणि भाषण आयँथीने केलं. पुढे परदेशी कर्ज घेण्यावरून पक्ष फुटला, हेस्केथ एकीकडे आणि आयँथी दुसरीकडे, तेव्हा व्हिटालियाला आतून गारेगार वाटलं होतं. त्या रात्री तिला झोपही लागली. दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला ब्रेडफ्रूट भाजून नेलं.

भिंतीवरची परात दिसली की मात्र ती अजून थांबते. ती निशाणी माझी आहे, तिला वाटतं. पण हे सांगायचं तर होडीमागे का बसले होते तेही सांगावं लागेल.

पन्नाशीचा कार्यक्रम बदामाच्या झाडाखालीच झाला. जुन्या बाया हौसेने रिकाम्या पराती घेऊन आल्या. आयँथी रोझोहून गाडीने आली, काठी टेकत. अंगात पिवळा झगा. कर्टिसने तिला शंख दिला, फोटोसाठी. तिने तो हातात फिरवला आणि व्हिटालियापुढे धरला.

"व्हिटा, तू फुंक."

"मी कशाला? तुझी कल्पना ना ती?"

"मी तसं कधीच म्हटलं नाही," आयँथी म्हणाली. "कर्टिसने लिहिलं, मी खोडलं नाही. फुंक. होडीमागून ऐकू आला होता, तसाच."

व्हिटालियाने शंख घेतला. तीन तोकडे घुमले. लांबाला तिचे ओठ फसले आणि नुसती हवा गेली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. आयँथी हसली नाही. तिने फक्त बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी व्हिटालिया ओट्यावर बसते. आयँथीला विचारावं म्हटलं तर विचारणं म्हणजेच कबूल करणं. आयँथी त्या दिवशी झाडाखाली उभी होती, तोंड गावाकडे, पाठ होडीकडे. मग होडीमागे मी होते हे तिला कोणी सांगितलं? आणि पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल, तर पन्नास वर्षं ती गप्प राहिली ती माझ्यासाठी, की स्वतःसाठी?