सगळ्यांना मंजूर

दुधाच्या कॅनचा आंबूस वास आला की मला अजून आमच्या डेअरीचं पटांगण दिसतं बघा. दुष्काळाचं साल होतं. माझी लेक सुनीता बीडला कॉलेजात शिकायची. तिनं गावाच्या पाण्यावर छोटी फिल्म केली होती, ती डेअरीच्या भिंतीला चादर बांधून गावाला दाखवली. फिल्ममधे गावाचा टँकर डेअरीच्या चेअरमनच्या विहिरीत रिकामा व्हायचा. अन् चेअरमन पुढंच खुर्चीवर बसलेले!

संपल्यावर लेकीनं विचारलं, "कशी वाटली? काय बदलू, खरं सांगा."

डेअरीच्या सभेत लागलेली सवय हो! सगळे एका सुरात म्हणाले, "मंजूर!"

"अहो काका, हा ठराव न्हाई!" ती हसली.

चेअरमन म्हणाले, "लई झ्याक केलंस पोरी. तेवढा टँकर काढून टाक."

"मंजूर!"

लेकीचं हसू गेलं. ती माझ्याकडं वळली. "आई, तू तर सांग. खोटं हाय का ते?"

आमच्या गल्लीत सकाळचा टँकर चेअरमनच्याच शब्दावर यायचा. मी म्हणलं, "घरी चल बाई, भाकरी गार व्हायली."

ती भिंतीवरची चादर सोडायला लागली. तवा वाटलं, पोर समजूतदार हाय. आता वाटतं, त्या गर्दीत तिला आईसुद्धा उरली नव्हती.