क्लोरीनचा गोळा

लोणारच्या शाळेत विज्ञान शिकवायचं माझं ते पहिलं वर्ष. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अणू आणि आयन यांच्या आकारांचा धडा मुलांच्या गळी उतरत नव्हता. सोडियमचा अणू क्लोरीनच्या जवळजवळ दुप्पट रुंद. पण आपला एक इलेक्ट्रॉन त्याने क्लोरीनला दिला, की तो आकसतो, क्लोरीन फुगतो, आणि लहान-मोठेपण उलटं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सरोवराकाठी उतरून चिखल आणला. खाली वाऱ्याचा मागमूस नव्हता. मी थांबले तरी मागून दोन पावलं वाजली. वळून पाहिलं तर कोणी नाही.

वर्गाच्या खिडकीत चार गोळे वळून ठेवले: दोन अणू, दोन आयन. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. प्रत्येकाच्या घेराएवढा दोरा कापून पाकिटात घातला, आणि खोलीला कुलूप लावलं.

सोमवारी एका मुलीला मोजायला बोलावलं. सोडियमच्या अणूभोवती दोरा सैल लोंबला. मग तिने क्लोरीनचा अणू घेतला.

"बाई, दोरा पुरत नाही."

मी स्वतः मोजलं. चार बोटं कमी पडत होता. सोडियमचा अणू त्याच्या आयनाएवढा झाला होता, क्लोरीनचाही त्याच्या आयनाएवढा. माती सुकली की आकसते, फुगत नाही.

किल्ली म्हाताऱ्या शिपायाकडे असायची. मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं. ते म्हणाले, "काल झाडताना मोठा गोळा पडला बाई, फुटला. बाजूच्या लहान्याले पाहून दुसरा केला. उरलेली माती आंगणात फेकली. रागवू नका."

माझा जीव भांड्यात पडला. "आणि क्लोरीनचाही तुम्हीच केलात ना?"

"नाही बाई. त्याले म्या हात नाही लावला."

मी खिडकीपाशी गेले. सोडियमचा गोळा अजून ओलसर होता. क्लोरीनचा मात्र टणक वाळलेला, आणि त्यावर वळताना उमटलेले बोटांचे ठसे होते. मी बोटं लावून पाहिली. माझेच होते, फक्त माझ्या बोटांपेक्षा मोठे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर खडूने चार वर्तुळं काढून धडा संपवला. पुढे पंचवीस वर्षं तसाच शिकवला.