वाकळेखालची अंडी

शिमगा झाला की सासूबाईंच्या घरच्या सगळ्या वाकळा पंचगंगेवर धुवायला निघत. धुणार सासूबाई आणि बायको. मला जावई म्हणून मानाचं काम असे: ओल्या वाकळा खांद्यावरून वाहायच्या आणि काठच्या गोट्यांवर वाळत घालायच्या.

त्या वर्षी मी नवी दुर्बीण घेतली होती. गळ्यात दुर्बीण आणि खांद्यावर निथळती वाकळ अशा थाटात मी घाटाच्या वरच्या अंगाला लेकीला वसंत दाखवत फिरत होतो. फुललेला पांगारा, त्यावर साळुंक्यांची भांडणं, दरडीच्या भोकांत ये-जा करणारे वेडे राघू. बोलता बोलता मोकळी जागा बघून मी सगळ्यात जड वाकळ पसरली, आणि एक टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली.

"बघ, वसंत आला की टिटवी अशी गाते," मी लेकीला म्हणालो.

टिटवी थेट माझ्या टाळूवर झेपावली. मी टोपी धरून खाली बसलो.

"गात न्हाय ती, शिव्या घालतीया," पाण्यातून बायको ओरडली. "तिच्या अंड्यांवर वाकळ टाकलीसा का काय?"

मी वाकळेची कड उचलून डोकावलो. खळग्यात गोट्यांच्याच रंगाची चार ठिपकेदार अंडी. भोवतीच्या मोठ्या गोट्यांवर वाकळ टेकली म्हणून वाचलेली. पण ओली वाकळ हळूहळू खाली बसत होती. मी घाईनं ती ओढायला गेलो.

"वढू नगा!" सासूबाई पदर खोचत धावत आल्या. "घरंगळतील की! चार कोपरं चौघांनी धरायची, मी म्हटल्याव सरळ वर उचलायची. आणि पावणं, मधीच दुर्बिणीतनं बघू नगा."

वाकळ वर गेली, तिच्यातलं निम्मं पाणी माझ्या बुटांत आलं. अंडी जागच्या जागी होती, ओलीचिंब.

आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो. टिटवी काही अंड्यांकडे येईना. ऊन चढत होतं.

"बाबा, ती आता येणारच नाही का?" लेकीनं रडवेल्या आवाजात विचारलं. मी उगाच दुर्बिणीची काच पुसली.

शेवटी ती उतरली, पण अंड्यांपाशी नाही. तुरुतुरु पाण्याकडे गेली, उथळात बसून पोट भिजवलं, आणि तशीच ठिबकत येऊन अंड्यांवर बसली. उन्हात अंडी गार ठेवायची तिची ही रीत असावी.

सासूबाईंना हसू आवरेना. "बघा, तिलाबी अंडी वल्लीच पायजे हुती. पावण्यांनी सकाळपास्नं तेवढं एक काम बराबर केलं."

लेकही डोळे पुसत हसली. बायकोनं ती ओली वाकळ उचलून परत माझ्या खांद्यावर टाकली.

"चला, ही गच्चीवर वाळवू. पर पसरायच्या आधी खाली बघा हं."