दंडारीत नसलेली पोर

मनकर्णाबाईंशी बोलताना आमच्या गावातली माणसं दोन पावलं मागं उभी राहतात. बाईंनी पासष्टी ओलांडली, तरी भाताच्या रोवणीला तरण्या बायांच्या पुढं असतात. कुणी वाकडं बोललंच, तर चिखलाचे हात कमरेवर ठेवून त्याला बांधावरच गप्प करतात. मलाही त्यांची भीती वाटते. माझ्या भीतीला मात्र कारण आहे.

पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या बहिणीला, पंचफुलाला, तिच्या नवऱ्यानं कुऱ्हाडीनं मारलं. श्यामराव त्याचं नाव, आमच्याच गावचा. सोबत तिच्या आठ महिन्यांच्या लेकीला, रीतालाही मारलं. बायकोवर संशय होता म्हणे. आदल्या दिवशी पंचफुलानं माहेरी निरोप धाडला होता, ‘मले घ्याले ये.’ सोळा वर्षांची मनकर्णा करडीहून पायी आली, ती नेमकी त्याच वेळी दारात पोचली. जे पाहिलं ते तिनं भंडाऱ्याच्या कोर्टात सांगितलं. त्याआधी गावातल्या जाणत्या लोकांनी तिला खूप समजावलं, की मेलेली काही परत येत नाही, जिवंत माणूस तरी वाचव. तिनं ऐकलं नाही. श्यामराव नागपूरच्या जेलात फासावर गेला.

पुढं याच गावातलं स्थळ तिनं स्वतः हट्टानं पत्करलं. श्यामरावच्या भाऊबंदांच्या दारावरून रोज पाण्याला जायचं आणि मान खाली घालायची नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. “तुह्या एका शब्दानं माणूस फाशी गेला वं,” असं कुणी म्हटलं की उत्तर तयार असे.

“माह्या शब्दानं नाही. त्याच्याच कुऱ्हाडीनं गेला.”

आता माझा गुन्हा सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते, आणि मंडईत दुपारी दंडार होते, म्हणजे गाण्यानाचाचं नाटक. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. पेटी बरी वाजवायचो आणि स्वतःला मोठा कवी समजायचो. घनश्यामच्या दंडार पार्टीला काहीतरी नवं हवं होतं. मी ‘श्यामरावची फाशी’ लिहून दिली. तिच्यात पंचफुला पहिल्या अर्ध्या तासात मरते आणि पुढचे दोन तास श्यामराव पश्चात्ताप करतो. शेवटी गळ्यात दोर घालून तो गातो आणि अख्खा मांडव डोळ्याला पदर लावतो. ते गाणं माझं. त्या गाण्यावर मी पस्तीस वर्षं शाली आणि नारळ घेतले.

रीताला मी त्यात घेतलंच नव्हतं. तान्ह्या पोरीला मारणाऱ्यासाठी कोण रडणार? खरं कारण एवढंच. मनकर्णाबाई दर मंडईला पुढच्या रांगेत बसत, एक टिपूस न काढता सगळं पाहत आणि संपलं की पेटीजवळ येत.

“गुरुजी, रीता कुठी आहे?”

“बाई, तान्हं लेकरू नाटकात कसं आणता येईल?”

“मले तं आणता आलं होतं. त्या दिवशी घरातून बाहेर मीच आणली तिले.”

पस्तीस वर्षं त्यांचा तोच प्रश्न आणि माझं तेच खोटं उत्तर.

यंदा पंचफुलाचं काम करणाऱ्या धर्मेंद्रला चिखल्याच्या खाणीतून सुटी मिळाली नाही. मांडव गच्च भरलेला, आणि घनश्याम श्यामरावच्या मिशा लावून कपाळाला हात लावून बसलेला. मनकर्णाबाई पुढच्या रांगेतून उठल्या.

“मी करतो पंचफुलाचं काम. मले सारं पाठ आहे.”

“पण वहिनी, तुमचं वय...”

“ते जगली असती तं माह्याहून मोठी असती.”

तसंही पंचफुलाला बोलायला दोनच वाक्यं, मग मरायचं. घनश्यामनं मान डोलावली.

बाई आल्या त्या कडेवर एक गाठोडं घेऊन. जुनं धुवट लुगडं गुंडाळलेलं, वर लाल टोपडं. पिकल्या केसांची पंचफुला पाहून लोक हसले. बाईंनी दोन्ही वाक्यं चोख म्हटली. घनश्यामनं चंदेरी कागद लावलेली लाकडी कुऱ्हाड उगारली आणि त्यांच्या मानेजवळ आणली. इथं पंचफुलानं पडायचं असतं. बाई पडल्या नाहीत. त्यांनी गाठोडं पुढं केलं.

“आता इले मार.”

“वहिनी, हे दंडारीत नाही,” घनश्याम हळूच म्हणाला.

“कोर्टात होतं. मार. इचं नाव रीता आहे. आठ महिन्याची आहे, खालचे दोन दात आले आहेत.”

घनश्यामनं कुऱ्हाड पुन्हा उचलली, गाठोड्याकडे पाहिलं आणि खाली ठेवून दिली.

“काहून गा? त्यानं लोखंडाची चालवली. तुह्यानं लाकडाचीही होत नाही?”

मागून श्यामरावच्या पुतण्यानं आवाज दिला, “उतरवा त्या बुढीले खाली!”

“ये ना, तूच उतरव,” बाई म्हणाल्या. तो जागचा हलला नाही, आणि दुसरंही कुणी उठलं नाही.

मग त्यांनी ते गाठोडं मधोमध ठेवलं, टोपडं सारखं केलं आणि शेजारी मांडी घालून बसल्या.

“हं. आता द्या त्याले फाशी. ज्याले त्याच्यासाठी रडाचं आहे, त्यानं इच्यासमोर रडावं.”

घनश्यामनं दोर गळ्यात घातला. पुढं काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. गाण्याचा पहिला सूर पेटीवर मीच द्यायचा असतो. मी भाता ओढला. समोर ते लाल टोपडं होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बोटं पट्ट्यांवर नुसतीच राहिली.

मांडवात कुणाचाही पदर डोळ्याला नव्हता. मनकर्णाबाई माझ्याकडे वळल्या.

“काहून थांबले, गुरुजी? गाणं तं तुमचंच आहे.”