डावं चाक कोणी धरलं?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हा तर मुळीच नव्हता. नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता आणि जग आपल्याला नटबोल्टसकट कळलंय असं मी समजत होतो!

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. माझे काका मूळचे मालवणचे. गिरणी बंद पडल्यावर होतं नव्हतं ते घालून त्यांनी एक जुना ट्रक घेतला होता. घरात कमावणारा तो ट्रक एकटाच! त्या सकाळी मरोळहून एक लेथ मशीन चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटला पोचवायचं होतं. मी सोबत... म्हणजे सल्ले द्यायला.

चारकोपला रस्ता खोदलेला, म्हणून काकांनी खाडीकडच्या मुरमाच्या बांधावर गाडी घातली. अकराचा सुमार. डावीकडची कड ढासळली आणि मागचं डावं चाक चिखलात! काका रेस देतायत, डावं चाक गरगर फिरतंय, माझ्या शर्टावर चिखल... आणि कोरड्या मुरमावरचं उजवं चाक ढिम्म. त्यात उधाणाची भरती, पाणी चढत होतं.

मी लगेच व्याख्यान सुरू केलं. "काका, दोन चाकांना जोर वाटणारं साधं डिफरन्शियल आहे ना हे! जे चाक घसरतं तेच फिरत बसतं, उजव्याला जोर मिळतच नाही. लिमिटेड-स्लिप असतं ना, तर आतल्या प्लेट्सनी डाव्याला आवरलं असतं आणि जोर उजवीकडे गेला असता."

"मगे आता आवरूक काय करूचा?"

"कोणीतरी डावं चाक धरून ठेवायला हवं."

"मग धर!"

मी एक पाऊल मागे सरलो. काकांनी सीटखाली हात घातला. "रे, नारळ खंय?"

त्यांचा नेम होता—खाडीच्या वाटेने जायचं, तर आधी राखणदाराला, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ. आणि तो नारळ मी... मशीन चढवेपर्यंत भूक लागली होती हो! गुळाबरोबर संपवला होता.

"खाल्लस?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "मेल्या, खाडयेचो नारळ खाल्लस! आता मी गाऱ्हाणा घालतंय. तू 'व्हय म्हाराजा' म्हण. मोठ्यान!"

काकांनी हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा! ह्या पोरान तुजो नारळ खाल्ल्यान!"

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो. कोणी ऐकू नये म्हणून.

"डिप्लोमावालो आसा, तेका अक्कल कमी!"

"व्ह... व्हय म्हाराजा."

"तेची चूक पोटात घाल, आणि माजी गाडी भायर काड रे म्हाराजा!"

तेवढ्यात पाणी माझ्या बुटात शिरलं. "व्हय म्हाराजाऽऽ!" मी असा ओरडलो की झाडीतले बगळे उडाले.

काका चढले, पहिला गियर टाकला. मी डाव्या चाकाशी उभा. ते दोन फेरे फिरलं... आणि थांबलं! गपकन! त्यावरचा पूजेचा कुंकवाचा ठिपका वर होता, तो वरच राहिला. आणि पलीकडे उजवं चाक फिरायला लागलं! ट्रक पुढे सरकला, डावं चाक न फिरता चिखलातून नांगरासारखं ओढलं गेलं. मुरमावर आलं आणि गुमान फिरू लागलं. मागे बघतो तर सपाट लांब चर, टायरच्या नक्षीची एक खूण नाही! मी वेड्यासारखा नाचत होतो.

दुसऱ्या दिवशी मरोळच्या गॅरेजात मिस्त्रीला हट्टाने सगळं उघडायला लावलं. प्लेट्स नाहीत, साधं डिफरन्शियल. मग डाव्या चाकाचा ब्रेक जाम झाला असेल? ड्रम स्वच्छ, चाक एका बोटाने फिरत होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मग कोणीतरी चाक धरलं असणार." मी म्हटलं, "पुस्तकही तेच म्हणतं."

काका शांतपणे म्हणाले, "पुस्तकात तेचा नाव नाय लिवलेला?"

नाही लिहिलेलं. आजवर अनेक इंजिनियरांना विचारलं, सगळे खांदे उडवतात. माझ्या गाडीत सीटखाली नारळ मात्र कायम असतो. घरात खोबरं संपलं की बायको मागते. मी दुकानात जाऊन दुसरा आणतो, पण तो देत नाही.