येणाऱ्याची मूठ

दाढीचं सामान आबांनी मला मुंबईहून परतताना घेऊन दिलं. आबा म्हणजे माझे वडील. मी तेव्हा सोळाचा. छातीत गाठी येऊन ती पोरींसारखी फुगली होती, नदीवर पोहायला जायची सोय उरली नव्हती. मोठ्या दवाखान्यात त्या कापून काढल्या. मग डॉक्टरांनी आबांना आत बोलावलं, मी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, चरबी होती, गेली. आता मिशा फुटतील. बापाच्या शब्दावर कोण शंका घेतो? दाढी काही धड आली नाही. मी मात्र ताडमाड वाढलो, जळगावात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलो आणि अठ्ठ्याऐंशीत शिंदखेड्याकडची मुलगी करून आणली.

आमचं गाव सोनगीरजवळ. श्रावणात कानबाई बसते, आमच्या खानदेशाची देवी. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या माणसागणिक मुठीनं मोजायचे, सून पोटुशी असेल तर येणाऱ्याचीही मूठ धरायची. आणि रोट घरातल्यांनीच खायचा. बाहेरच्याला नाही, अगदी दिल्या घरी गेलेल्या लेकीलाही नाही. माय दर वर्षी नुसत्या आशेवर येणाऱ्याची मूठ धरायची आणि माझ्या बायकोकडे बघायची. ती मान खाली घालून सूप धरून बसायची. गावात कुणी तिला ओटी भरायला बोलवेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि मायनं माझ्यासाठी पिंपळनेरची दुसरी मुलगी बघितली. आबांनी अडवलं नाही. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, करा. माझं डोकंच फिरलं. हिला काहीच कसं वाटत नाही?

मला दुसरी नको होती. काही औषधपाणी निघालं तर मायचं तोंड बंद होईल, म्हणून कुणाला न सांगता जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं, छातीवरचे व्रण बघितले, रक्त मुंबईला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा समोर बसवून समजावलं. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. माझ्यात एक एक्स जास्तीचा, जन्मापासूनच. दोष कुणाचाच नाही. इंजेक्शनं घेतली तर दाढी येईल, हाडं बळकट राहतील, अंगात जोर येईल. मूल मात्र होणार नाही. मग त्यांनी सहज विचारलं, छातीच्या ऑपरेशनच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही का?

मी तडक गाव गाठलं. नेमका कानबाईचे गहू मोजायचा दिवस. आबा गोठ्यात बैल पुसत होते. मी विचारलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "तुनं लगीन व्हवाले पाहिजे व्हतं ना. तुनी बायकोलेबी ठाऊक शे. कोनले सांगानं नही म्हनीसन मी तिले रोटनी आन घाली व्हती."

परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. इथं बापानंच केसानं गळा कापला, आणि वर दाढीचं सामान घेऊन दिलं! आणि बायको? एका ताटात जेवणारी, तीही त्यांना सामील.

घरात गेलो. माय गहू मोजत होती, बायको सूप धरून. मायच्या देखतच मी बोलून टाकलं, दोष माझ्यात आहे, जन्मापासून, आणि हे आबांना नि हिला ठाऊक होतं. मग बायकोला विचारलं, ठाऊक असताना त्या पिंपळनेरच्या पोरीला हो का म्हणालीस? तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"तिलाही झालं नसतं ना," ती म्हणाली. "शपथ न मोडता माझ्यावरचा आळ उतरला असता."

मायची मूठ तशीच हवेत राहिली होती. ती येणाऱ्याची होती. मायनं ती परत कोठीत रिकामी केली आणि पिंपळनेरला नकार धाडायला सांगितलं.

कानबाई बसली त्या दिवशी रोटाची पंगत बसली. बायकोनं माझ्या ताटात वाढलं. मी ताट उचललं आणि आबांच्या पुढ्यात सरकवलं. बाहेरच्याला देत नाहीत, म्हटलं, मला तर तुम्ही तेव्हाच बाहेर बाकावर बसवलंत, विसरलात का?