जागा मोकळी नव्हती

डीना वेसेलिंक रागावली की ओरडत नसे. तिचा आवाज उलट खाली जाई. हेझेलबेकमधल्या कुत्र्यांनासुद्धा हे ठाऊक होतं. एकतीस वर्षं तिने या गावात सायकलवरून टपाल वाटलं होतं. एकदा एका कुत्र्याने तिची पोटरी धरली, तेव्हा त्याच्या मालकाला तिने हळू आवाजात असं काही ऐकवलं की दुसऱ्या दिवशी कुत्रं साखळीला होतं आणि मालक टोपी हातात घेऊन फाटकात उभा होता.

पुढे पत्रं आटली, सायकली जाऊन गाड्या आल्या, आणि साठीला एक वर्ष उरलेलं असताना डीनाला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं. गुच्छ तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पुढच्याच आठवड्यात रेडिओ खात्याकडून अर्ज मागवला.

मीडियम वेव्हवर एक वॅट. घरातून, हौसेखातर, कायदेशीर. परवाना आला तो तिने काचेत बसवून कपडे धुण्याच्या मशीनवर टांगला, कारण स्टेशन त्याच खोलीत होतं. मशीनशेजारी टेबल, टेबलावर पावाच्या डब्याएवढा ट्रान्समीटर, आणि खिडकीतून बाहेर गेलेली तार परसातल्या नासपतीच्या झाडावरून खांबापर्यंत ताणलेली. खात्याचा माणूस मोजायला आला, दोन कप कॉफी प्यायला आणि म्हणाला, "शून्य पूर्णांक सत्त्याण्णव वॅट. बाई, असं चोख काम मी या भागात पहिल्यांदाच पाहतोय."

स्टेशनचं नाव तिने ठेवलं 'मागचं दार'. हॉलंडच्या पूर्वेकडच्या या ट्वेन्टे भागात पुढच्या दाराने फक्त नवरी येते आणि शवपेटी जाते. बाकी सगळं जग मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतं. सोमवार ते शुक्रवार, दोन ते चार. कोण आजारी आहे, कोण ऐंशीचं झालं, कुणाचं वासरू दलदलीकडे पळालं, आणि मध्ये मध्ये अकॉर्डियन. सगळं गावच्या बोलीत. पश्चिमेकडचे शहरी लोक या बोलीला हसतात, आणि टीव्हीवर ही बोली फक्त येडपटाच्या तोंडी येते. डीनाचा तो एक वेगळाच राग होता. एका वॅटचा आवाज दिवसा गावभर, आसपासच्या वाड्यांवर आणि ओढ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात पोचायचा. तिला तेवढंच हवं होतं.

या भागात ट्रान्समीटरची वाण कधीच नव्हती. वाण होती ती परवान्यांची. डीनाचे वडील कोंबड्यांच्या खुराड्यातून दर रविवारी चोरून प्रसारण करायचे. बाराव्या वर्षी डीनाला तारेची वेटोळी गुंडाळता येत होती, कथलाने डाग देता येत होता, कुठल्या भागाला हात लावला तर माणूस मरतो हेही माहीत होतं. पण माइकसमोर आधी वडील आणि नंतर मोठा भाऊ बेरेंड. डीनाने कॉफी करायची आणि फर्माइशींची पत्रं लावून द्यायची. सोळाव्या वर्षी एकदा वडील बाहेर गेलेले बघून तिने माइककडे तोंड नेलं, तर बेरेंडने तो ओढून घेतला. "बाईचा आवाज मीडियम वेव्हवर टिकत नाही," तो म्हणाला. अठरा वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवलं देव जाणे.

बेरेंड आता चौसष्टचा होता आणि अजूनही 'काळा कोंबडा' या नावाने आठशे वॅट हवेत सोडायचा. बहिणीचा परवाना पाहून त्याचं हसून पोट दुखलं. "एक वॅट! डीने, सायकलचा दिवा याहून जास्त खातो गं!"

दिवा तर दिवा, डीनाने मनात म्हटलं.

त्या ऑक्टोबरात डेर्क आणि स्टीन लान्सिंक यांच्या लग्नाला साठ वर्षं होत होती. डेर्क वृद्धाश्रमात होता. डोळे जवळजवळ गेलेले, डोकं कधी ठिकाणावर, कधी नाही. स्टीन रोज दुपारी चालत त्याच्याकडे जायची. पण समारंभाच्या दहा दिवस आधी ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला दूरच्या शहरातल्या इस्पितळात नेलं. डीना रेकॉर्डर घेऊन तिथे गेली. स्टीन चार मिनिटं बोलली. लग्नाच्या दिवशी डेर्कचा बूट चिखलात रुतून बसला होता आणि तो एका मोज्यावर चर्चमध्ये आला होता, ती गोष्ट तिने सांगितली. शेवटी म्हणाली, "मी येतेय रे. पाय सांधला की येतेच."

गुरुवार, दुपारी तीन. वृद्धाश्रमातल्या आनौक नावाच्या परिचारिकेने डेर्कला नवा सदरा घातला, बेदाण्यांचा पाव कापला, सगळ्यांना रेडिओभोवती बसवलं. डीनाने इकडे सांगितलं, "डेर्क, नीट ऐक, तुझ्यासाठी कुणीतरी बोलणार आहे," आणि बटण दाबलं.

चार मिनिटं झाली आणि फोन वाजला.

"डीना, काय चाललंय तुमचं?" आनौक रडवेली झाली होती. "इथे नुसता धिंगाणा ऐकू येतोय! पोल्काची नाचगाणी, आणि कुणी बाप्या 'चाचणी, चाचणी' करून हसतोय, ढेकर देतोय. डेर्क विचारताहेत, स्टीनच्या जागी हा कोण बोलतोय? कप फेकला त्यांनी."

डीनाने खिडकीतला छोटा रेडिओ लावला. डायलवर तिच्याच जागेवर, अगदी काट्याला काटा लावून, कुणीतरी हत्तीसारखं बसलं होतं. तिचा स्वतःचा आवाज तिच्या स्वतःच्या घरात मुंगीएवढा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती. तिने स्टीनचं बोलणं पुन्हा लावलं. पण डेर्कने आनौकला रेडिओ बंद करायला लावला. "काल होता लग्नाचा दिवस," तो म्हणाला. "आज कशाला?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी भांडी घासताना एक बशी फुटली, ती डीनाने गोळा करून आणखी बारीक फोडली.

पुढच्या गुरुवारी तिने अडीच तासांची अकॉर्डियनची टेप लावून ठेवली, गळ्यात छोटा रेडिओ अडकवला आणि टपालाची जुनी सायकल बाहेर काढली. तिच्या अंदाजाप्रमाणे पावणेतीनला तो हत्ती पुन्हा येऊन बसला. रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवला की एका ठिकाणी आवाज मरतो. तेव्हा रेडिओचं टोक ट्रान्समीटरच्या रोखाने असतं. हे तिला वडिलांनी शिकवलं होतं, खात्याची माणसं कशी शोधतात ते कळावं म्हणून. चर्चच्या चौकात तिने पहिली दिशा घेतली, नकाशावर रेघ मारली. ओढ्याच्या पुलावर दुसरी. दूध संकलनाच्या पत्र्यापाशी तिसरी. तिन्ही रेघा शेतकरी लुबर्सच्या बटाट्याच्या कोठारात एकमेकींना भेटल्या.

कोठाराच्या मागच्या बाजूला ओळखीची व्हॅन उभी होती. डीनाने सायकल तिला टेकवून लावली, मुद्दाम, रंगाला ओरखडा जाईल अशी.

आत पोत्यांच्या थप्पीआड बिअरचं खोकं होतं, लुबर्स होता, आणखी दोघं ओळखीचे म्हातारे होते, आणि कपाटाएवढ्या ट्रान्समीटरसमोर बेरेंड.

"अरे वा, टपाल आलं!" लुबर्स म्हणाला. कुणी हसलं नाही, कारण डीनाचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता.

"गेल्या गुरुवारी तीन वाजता तूच होतास," ती म्हणाली.

"असेन. ट्रान्समीटरला नवा व्हॉल्व्ह बसवलाय, चाचणी घेत होतो. का गं?"

"त्या जागेवर मी बोलत होते."

बेरेंडने खांदे उडवले. "आम्ही आधी ऐकून बघितलं की. जागा मोकळी होती."

"मोकळी?"

"काहीच ऐकू येत नव्हतं, डीने. नुसती खुरखुर. शपथेवर सांगतो. आता एक वॅट म्हणजे—"

"मी बोलत होते." तिचा आवाज इतका खाली गेला की लुबर्सला पुढे वाकावं लागलं. "दोन वर्षं मी त्या जागेवर बोलतेय. तुला माहीत आहे. आकडा माहीत आहे, वेळ माहीत आहे. तुझी बायको रोज ऐकते. आणि तू म्हणतोस मोकळी. कोठारात बसून मोठा एरियल लावलास, पण दीड किलोमीटरवरची बहीण तुला ऐकू आली नाही?"

"हे बघ, चूक झाली असेल. एवढं काय त्यात? कुणी मेलं का?"

"स्टीन इस्पितळातून डेर्कशी बोलत होती. साठ वर्षं झाली त्यांना. आंधळा माणूस नवा सदरा घालून बसला होता, आणि त्याला काय ऐकू आलं? तू. ढेकर देताना."

पोत्यांमागच्या दोघांपैकी एकाने टोपी काढली. बेरेंडचे कान लाल झाले, पण तो बेरेंडच होता. "मग परवाना दाखव ना डेर्कला," तो म्हणाला. "आणि जा, कर तक्रार. तुझी ती खात्याची माणसं आहेतच."

"तुमच्या दंडाची पत्रं मी वाटली आहेत," डीना म्हणाली. "लुबर्स, तुझीही. कुणाकडे खात्याचं पाकीट आलं ते मी तुमच्या बायकांनाही कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही मला तक्रार कर म्हणता?"

ती पुढे झाली आणि मुख्य बटण खाली ओढलं. पोल्का मध्येच तुटला. कपाटाला टेकवून ठेवलेली, तार बांधलेली सुकी काठी तिने उचलली, झाकण उघडलं आणि काठीचं टोक आत टेकवलं. साठलेली वीज चाबकासारखी कडाडून उतरली. म्हातारे दचकले, डीनाची पापणीही लवली नाही. मग टपालाचे कातडी हातमोजे चढवून तिने तो नारळाएवढा, अजून चटके देणारा काचेचा व्हॉल्व्ह हळूच फिरवून बाहेर काढला.

"डीने! असा आता मिळत नाही तो! दोन वर्षं शोधत होतो मी!"

"माहीत आहे," ती म्हणाली. पोत्यात गुंडाळून तिने तो टपालाच्या पिशवीत ठेवला. "डेर्ककडे जा. माझ्याकडे नको, डेर्ककडे. त्याला सांग तो आवाज कुणाचा होता. मग ये."

गावात ही बातमी बेकरीतून पसरली, आणि पसरता पसरता उलटी झाली. शनिवारपर्यंत लोक म्हणत होते की डीनाने सख्ख्या भावाला सरकारच्या ताब्यात दिलं. बेकरीवाल्या हिलेने पाव देताना सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवले. "भाऊ असतो तो शेवटी," ती म्हणाली.

"आणि मी कोण असते?" डीनाने विचारलं. हिले पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सोमवारी दोन वाजता डीनाने अकॉर्डियन न लावता सुरुवात केली. "मी कुणाची तक्रार केलेली नाही," ती म्हणाली. "अजून. यापुढे या जागेवर जो कोणी येईल, मग तो भाऊ असो की बिशप, त्याची करीन. सही करून, पत्ता घालून. ज्यांना हे पटत नाही त्यांनी रेडिओ बंद करावा. ज्यांना पटतं त्यांच्यासाठी आता कुणाच्या गाई हरवल्यात ते सांगते."

बेरेंडला अकरा दिवस लागले. तो वृद्धाश्रमात गेला तेव्हा डेर्कचं डोकं नेमकं ठिकाणावर होतं. आनौकने नंतर डीनाला सांगितलं की बेरेंडने टोपी चुरगळत तो आवाज आपलाच होता असं सांगितलं. डेर्कने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी बायको आहे ना अजून?"

"आहे."

"मग घरी जा. माझ्यापुढे काय उभा राहतोस?"

संध्याकाळी बेरेंड डीनाच्या मागच्या दारात आला. "जाऊन आलो," तो म्हणाला. तिने व्हॉल्व्ह आणून त्याच्या हातात दिला. कॉफी विचारली नाही. तो उंबऱ्यावर घुटमळला. "आकडा बदललाय मी. तुझ्यापासून लांब गेलोय."

"बरं."

"एवढंच? बरं?"

"तुला काय हवंय, बेरेंड? टाळ्या?"

तो गेला. त्या वर्षी ती त्याच्या वाढदिवसाला गेली नाही, आणि तिच्या वाढदिवसाला पाहुण्यांसाठी गोलात मांडलेल्या खुर्च्यांपैकी त्याची रिकामी राहिली. ती तिने उचलून माळ्यावर नेऊन ठेवली.

स्टीन सात आठवड्यांनी परत आली. चालताना आधाराला घेतलेली चाकांची चौकट ढकलत ती डीनाच्या धुण्याच्या खोलीत शिरली आणि माइकसमोर बसली. डीनाने लिहून दिलेला कागद तिने बाजूला सारला. "डेर्क," ती म्हणाली, "तू जेवत नाहीस म्हणे. मी उद्या येतेय. ताट रिकामं दिसलं नाही तर बघ." एवढं बोलून तिने विचारलं, "संपलं का? आता कॉफी दे." पलीकडून आनौकचा फोन आला: डेर्कने सगळे बटाटे संपवले होते आणि आणखी मागत होता.

"झालं तर मग," हिले पुढच्या शनिवारी बेकरीत म्हणाली, या वेळी पैसे हातात देत. "गोड झालं ना सगळं? आता तरी राग सोड."

डीनाने पाव पिशवीत ठेवला.

"तो अजूनही म्हणतो जागा मोकळी होती," ती म्हणाली, अगदी हळू आवाजात, आणि दार उघडून बाहेर पडली.